पिकांमागून चाललेले बालपण

नव्या देशात जुळवून घेणे ही जणू त्या मुलाच्या स्वभावाची कसोटी आहे, असे गृहीत धरूनच स्थलांतरितांच्या बालपणाविषयी बरेचदा लिहिले जाते. मेक्सिकोतून अमेरिकेत आलेल्या कुटुंबांना मात्र ही मांडणी लागू पडत नाही, कारण मूल शाळेत कोणत्या महिन्यात जाईल, किती दिवस टिकेल आणि तेथे कोणती भाषा बोलेल, हे दीर्घकाळ शेतीच्या हंगामाने आणि कायद्याने ठरवले. १९४२ ते १९६४ या काळात दोन्ही देशांच्या सरकारांनी चालवलेली 'ब्रासेरो' योजना, म्हणजे मुदतीच्या करारावर शेतमजूर आणण्याची व्यवस्था, पुरुषांच्या श्रमासाठी होती. बायकामुलांचा विचार तिच्यात नव्हता, आणि तरीही कुटुंबे येतच राहिली.

अशाच एका कुटुंबाबरोबर फ्रान्सिस्को हिमेनेझ चार वर्षांचे असताना विनापरवाना सीमा ओलांडून कॅलिफोर्नियात आले. 'द सर्किट' (१९९७) या त्यांच्या आत्मकथनपर कथासंग्रहात सांता मारियाची स्ट्रॉबेरी, फ्रेस्नोची द्राक्षे आणि कोर्कोरनचा कापूस या क्रमाने वर्ष सरते. द्राक्षांचा हंगाम संपल्यावर नोव्हेंबरात धाकट्या फ्रान्सिस्कोला शाळेत जायला मिळते, थोरल्या भावाला मात्र कापूस संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ फेब्रुवारीपर्यंत, थांबावे लागते. वर्गात नुकतेच कुठे बस्तान बसावे, शिक्षकाने आपुलकीने ट्रम्पेट शिकवण्याची तयारी दाखवावी आणि त्याच दिवशी घरी पुठ्ठ्याची खोकी बांधून तयार असावीत, असा हा क्रम आहे. त्या मुलाच्या खिशात एक छोटी वही असते. तिच्यात तो इंग्रजी शब्द लिहून ठेवतो आणि शेतात हात कामात असताना ते पाठ करतो. पुढे घराला लागलेल्या आगीत ती वही जळते, पण तिच्यातले सारे आपल्याला पाठ आहे हे त्याच्या लक्षात येते. जिद्दीचे उदाहरण म्हणून या प्रसंगाचे कौतुक करणे रास्तच आहे. तथापि ज्या समाजाने या मुलाच्या हातची फळे खाल्ली, त्याने त्याला सलग एक शालेय वर्षही दिले नाही, ही गोष्ट त्या कौतुकात झाकली जाऊ नये.

शाळेत प्रवेश मिळणे हीदेखील आपोआप घडणारी गोष्ट नव्हती. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. मेंडेझ कुटुंब आणि इतर पालकांनी लढलेल्या खटल्यात ही विभागणी १९४६ साली बेकायदा ठरली आणि पुढील वर्षी अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. कागदपत्रे नसलेल्या मुलांना सरकारी शाळेत मोफत शिक्षण नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधील 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात १९८२ साली सांगितले, तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने.

त्याच १९८२ साली मेक्सिकन स्थलांतरित कुटुंबातील रिचर्ड रॉड्रिगेझ यांचे 'हंगर ऑफ मेमरी' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. सॅक्रामेंटोत वाढलेल्या या मुलाच्या घरी कॅथलिक शाळेतील नन येतात आणि घरातही इंग्रजीच बोला असे सुचवतात. आईवडील मान्य करतात. मूल शाळेत धीट होते, पण घरातले बोलणे आटते आणि वडील अबोल होत जातात. रॉड्रिगेझ यांनी हा तोटा अपरिहार्य मानला आणि द्विभाषिक शिक्षणाला, म्हणजे घरची भाषा वर्गात सोबत ठेवून नवी भाषा शिकवण्याच्या पद्धतीला, विरोध केला. त्यांचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही, कारण त्या घरासमोर दुसरा पर्याय कोणी ठेवलाच नव्हता.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ साली द्विभाषिक वर्गांवर कडक मर्यादा घातल्या आणि २०१६ साली त्या उठवल्या. ज्या मुलाने १९९८ साली पहिलीत पाऊल ठेवले, त्याचे सगळे शालेय शिक्षण तोवर संपून गेले होते.