हात आणि चित्र यांमधले अंतर

वाचन हे एकट्याने, मनातल्या मनात करावयाचे काम आहे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी नाही. पोथी एकाने वाचावी आणि दहांनी ऐकावी, वाचणाऱ्याने मध्येच थांबून अर्थ सांगावा, ऐकणाऱ्यांनी शंका काढावी, ही रीत कित्येक शतके चालत आली. लॅपटॉपवरचा गेम मात्र स्वभावतःच एकट्याचा आहे. पंधरा इंची पडदा, कानांत हेडफोन, आणि शेजारी बसलेल्यास तिरप्या कोनातून दिसणारी थोडीशी हालचाल. असा एकट्याचा मजकूर चारचौघांत आणावयाचा तर काय काय करावे लागते, हे गेल्या वर्षी आम्ही घरातच पाहिले. त्या खटाटोपाने गेम या प्रकाराविषयी एक गोष्ट आम्हांस शिकवली. ती येथे नोंदवावीशी वाटते.

निमित्त आईचे होते. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्या नजरेचा मधला भाग धूसर झाला आणि जन्मभर सोबत करणारी पुस्तके तिला परकी झाली. कडेचे दिसते, हलणारे दिसते, मोठे आणि उजळ असेल तर बरेच दिसते. अक्षर मात्र दिसत नाही. शिक्षणासाठी आमच्याकडे राहणारी भाची त्या वेळी एक गेम खेळत होती : 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला हा गेम २०२० मध्ये बाहेर आला. राक्षसांनी पळवलेल्या गोलू नावाच्या धाकट्या भावाचा शोध घेणारी राजी ही त्याची नायिका. निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून चालते, आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ते हिंदीतूनही ऐकता येते. शेजारच्या खोलीतून ते निवेदन कानी पडले आणि आईने विचारले, "ही कुठली कथा?" भाचीने लॅपटॉप तिच्यासमोर आणून ठेवला. आईला दिवा हलल्यासारखे काहीतरी दिसले, इतकेच. दिवाणखान्यातल्या पंचावन्न इंची टीव्हीचा विचार तेव्हा आमच्या मनात आला.

टीव्हीला लॅपटॉप जोडणे सोपे असते; त्या पडद्यावर गेम नीट चालवणे सोपे नसते. फोर-के टीव्हीवर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख. चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे तर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. चित्रपटात हे काम आधीच झालेले असते. गेममध्ये पुढचे चित्र कोणते, हे खेळणाऱ्याचा अंगठा ठरवतो. म्हणून ते त्या क्षणीच घडवावे लागते. भाचीच्या पातळ लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नव्हते. मुख्य प्रोसेसरच्या पोटातले, त्याच्याच स्मृतीत वाटेकरी असलेले चित्रयंत्र एवढा भार पेलणारे नव्हते. तेव्हा कार्ड बाहेर बसवावे असे ठरले. वीजपुरवठ्याची सोय असलेला एक धातूचा बॉक्स, त्यात डेस्कटॉपसाठीचे जुन्या बाजारातून आणलेले कार्ड, आणि बॉक्स ते लॅपटॉप अशी अर्ध्या मीटरची एक केबल.

ही कल्पना तशी जुनीच. २००७ च्या सुमारास लॅपटॉपच्या एक्स्प्रेसकार्डच्या फटीतून असे प्रयोग झाले होते. पण ती वाट फारच चिंचोळी होती. २०१५ मध्ये थंडरबोल्ट ३ आले, सेकंदाला ४० गिगाबिट वाहून नेणारी केबल हाती आली आणि प्रयोगाची सोय झाली. तरीही डेस्कटॉपच्या आत कार्डाला जेथे सोळापदरी रस्ता मिळतो तेथे या केबलमधून चारपदरीच मिळतो. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ५ ने वेग दुप्पट केला, पण पदर चारच राहिले. कार्डाचे सामर्थ्य कार्डात कमी होत नाही, ते वाटेत कमी होते. भाषांतराचा अनुभव असलेल्यांस हे समजावून सांगावयास नको.

यातली एक गंमत भाचीने आमच्या लक्षात आणून दिली. पडदा मोठा झाला की या अरुंद वाटेचे नुकसान तुलनेने कमी जाणवते. राजी कोठे उभी आहे, भिंत कोठे आहे, प्रकाश कोठून येतो, एवढ्या सूचना लॅपटॉपकडून कार्डाकडे जातात. पडदा लहान असो वा मोठा, सूचना जवळपास तेवढ्याच. वाढते ते कार्डाचे घरच्या घरी चालणारे रंगकाम. टीव्ही जोडण्याचेही दोन मार्ग होते. लॅपटॉपला जोडला तर तयार चित्र त्याच अरुंद केबलने उलट यावयाचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी व्हावयाची. कार्डालाच जोडला तर चित्र एचडीएमआयच्या केबलने थेट पडद्यावर जावयाचे. आम्ही दुसरा मार्ग घेतला. लॅपटॉप बॉक्सशेजारी झाकून ठेवला आणि भाची ब्लूटूथचा कंट्रोलर घेऊन आईच्या पायाशी सतरंजीवर बसली.

पहिल्या संध्याकाळी चित्राच्या चारही कडा कापलेल्या होत्या. जुन्या प्रक्षेपणाच्या सवयीने टीव्ही चित्र किंचित फुगवून कडा पडद्याबाहेर ढकलतो. ती सोय बंद करावी लागली. मग राजी दिसली. कथेचे दुवे या गेममध्ये छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितले आहेत. उजळ पडद्यावर काळ्या आकृत्या हलू लागल्या आणि आई खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "हे तर पिंगुळीचे." तिचे बालपण कुडाळचे. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ तिने देवळात पाहिलेला आहे : पांढरा कपडा, त्यामागे दिवा, आणि बाहुली नाचवता नाचवता कथा सांगणारा माणूस. (याच परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.) गेम करणाऱ्यांच्या मनात पिंगुळी असेलच असे नाही, छायाबाहुल्यांची परंपरा भारतात अनेक ठिकाणी आहे. आईला मात्र आपली ओळख पटली होती, आणि कित्येक महिन्यांनी तिला कथा नुसती ऐकू येत नव्हती, दिसतही होती.

त्यानंतर जे घडले ते आम्हांस महत्त्वाचे वाटते. राजीला एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उडी घ्यावयाची होती. ती तीनदा पडली. आई म्हणाली, "उशीर करतेस गो तू." भाची चिडून म्हणाली, "आजी, मी वेळेवरच दाबतेय. टीव्ही उशिरा दाखवतोय." आईला ते पटेना. चित्र नितळ होते, कोठे अडखळत नव्हते; तिला दिसत होती ती फक्त कड्यावर रेंगाळणारी मुलगी. आम्हीही पाहत होतो आणि आम्हांसही उशीर दिसत नव्हता. दोघींचे म्हणणे खरे होते.

कारण टीव्हीच्या घडणीत सापडले. हालचाल मऊ दिसावी म्हणून आजचे बरेच टीव्ही आलेल्या दोन चित्रांच्या मध्ये स्वतः रचलेली चित्रे घालतात. मधले चित्र रचावयाचे तर पुढचे चित्र हाती येईपर्यंत थांबावे लागते. त्यात रंग-रेषा घोटण्याचे संस्कार वेगळेच. साठ चित्रांच्या हिशेबात एक चित्र म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद, अशी काही चित्रे अडवून धरली की उडी चुकते. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलावयाचे तर टीव्ही प्रक्षिप्त ओव्या घालत होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण वर्गात शिकवतो. प्रक्षेप वाचणाऱ्यास गोड लागतो म्हणूनच टिकतो, हेही सांगतो. येथे प्रक्षेप पाहणाऱ्यास गोड लागत होता आणि त्याची किंमत खेळणारी मोजत होती. टीव्हीचा 'गेम मोड' सुरू करताच मधली चित्रे गेली, उशीर कमी झाला. चित्र आईला किंचित खरखरीत वाटले. राजी पलीकडे पोचली.

गेमला साहित्य म्हणावे की नाही, या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. पण गेमवर लिहिताना आपण बहुधा त्यातले जे दिसते त्यावर लिहितो : कथानक, पात्रे, चित्रशैली. हे सर्व बाजूला बसणाऱ्यासही मिळते. जे फक्त खेळणाऱ्यास मिळते ते चित्रात नाहीच. ते हात आणि चित्र यांमधल्या त्या अंतरात आहे. ते अंतर पुरेसे लहान असले की "राजी पडली" याऐवजी "मी पडले" असे वाक्य तोंडी येते. वाढले की पात्र पुन्हा तृतीय पुरुषी होते. कादंबरीतल्या निवेदकाच्या पुरुषाविषयी आपण पानेच्या पाने लिहितो. येथे तो पुरुष काही मिलिसेकंदांवर ठरतो, आणि नुसत्या पाहण्याने तो कळत नाही.

तरीही श्रोत्याची जागा उणी होती असे आम्ही म्हणणार नाही. पुढच्या दोन महिन्यांत आईने भाचीला थांबवले, भिंतीवरच्या चित्रांपाशी मागे फिरवले, दुर्गेच्या एका वाक्यावर आक्षेप घेतला. एकटी असताना भाची या भिंतींपाशी थांबत नसे. एका संध्याकाळी आईने कंट्रोलर मागून घेतला. भाचीने तिचा अंगठा योग्य जागी ठेवून दिला. राजी चार पावले चालली आणि खांबाला अडली. आईने अंगठा उचलला, राजी थांबली. तिने पुन्हा टेकवला. "माझ्याच हाताने चालते की," ती म्हणाली, आणि कंट्रोलर बराच वेळ तिने परत दिला नाही.

जूनमध्ये भाची नोकरीसाठी बंगळूरला गेली, लॅपटॉपही गेला. बॉक्स टीव्हीच्या खाली आहे. लॅपटॉपवाचून तो काहीच करू शकत नाही. अखेरचे दोन टप्पे राहिले आहेत. आईने ते दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यास नकार दिला आहे.