मेणाचं वजन

मुलं शिकायला आली, की पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात मेण देत नाही, तराजू देतो. जेवढं मेण, त्याच्या साधारण नऊपट पितळ. बाबांनी मला ओतकाम शिकवलं ते इथूनच. शाळेत पाढे यायच्या आधी नवाचा पाढा मला भट्टीपाशी पाठ झाला.

डोक्राच्या कामात हा हिशेब चुकून चालत नाही. मातीचा गाभा करायचा, तो सुकला की मेणाची बारीक सुतं ओढून एकेक गुंडाळायची, नक्षी उठवायची. त्यावर चाळलेल्या मातीचा हात, मग भरड मातीचा. भट्टीत मेण वितळून वाहून जातं आणि त्याच्या रिकाम्या जागेत पितळ उतरतं. पितळ कमी पडलं, तर मोराची मान अर्धीच राहते, आणि ते कळतं साचा फोडल्यावर. एका साच्यात एकच वस्तू; दुसरी हवी तर पुन्हा मातीपासून सुरुवात.

बाबांचं हे माप कधी चुकलं नाही. विकताना मात्र ते वस्तू काट्यावर ठेवायचे आणि किलोचा भाव घ्यायचे. पितळाचे पैसे फिटायचे, कोळशाचे फिटायचे. सुतं गुंडाळण्यात गेलेले चार दिवस काट्यावर चढतच नसत. मोडीचं पितळ उधारीवर आणलेलं, म्हणून ज्यानं पितळ दिलं त्यालाच माल द्यायचा, तो म्हणेल त्या भावानं. हातात कसब होतं, कसबाला दर नव्हता. आमच्या घरातली गरिबी मला अशी समजली.

२०१८ मध्ये ‘आदिलाबाद डोक्रा’ला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याचं विभाजन झालं, त्यात जैनूर मंडलातलं उशेगाव आणि केरामेरीतलं केसलागुडा ही ओतकामाची गावं आसिफाबाद जिल्ह्यात गेली, तरी कलेच्या नावात आदिलाबाद राहिलं. या नावाचा मला अभिमान आहे. पण मानांकन नाव राखतं. दर आपला आपल्यालाच सांगता यावा लागतो.

याच जैनूर मंडलातल्या मार्लवाईत १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी गोंड तरुणांना शिक्षक म्हणून घडवायला सुरुवात केली, आणि गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली. घरच्या बोलीतून आलेलं अक्षर मुलाला परकं वाटत नाही. हिशेबही त्याच्या हातातल्या मेणातून आला, तर परका वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

म्हणून माझ्याकडे प्रत्येक मुलाची एक वही असते. आधी त्यात वस्तूचं चित्र काढायचं, म्हणजे गिऱ्हाईकाशी बोलणी मेण ओढण्याआधी होतात. चित्राखाली मेण, पितळ, कोळसा. त्याखाली दिवस. शेवटी फुटलेले साचे, कारण त्यांचा खर्चही चांगल्या वस्तूंनीच भरून काढायचा असतो.

परवा एका मुलीनं केलेला दिवा घ्यायला एक व्यापारी आला. सवयीनं त्यानं दिवा काट्यावर ठेवला. तिनं वही उघडून त्याच्यापुढे धरली आणि बोट ठेवलं ते ‘दिवस : पाच’ या ओळीवर. घासाघीस झाली, थोडं तिनं सोडलं, पण पाच दिवसांची मजुरी सोडली नाही.

बाबा असते, तर ती वही मी त्यांना वाचून दाखवली असती.