नाडी जोरकस केली तेव्हा

हेडसेटमधल्या आभासी रुग्णाची नाडी मी मुद्दाम जोरकस करून घेतली. रुग्णवाहिकेवर जाणाऱ्या नव्या तंत्रज्ञांना मी शिकवतो. सॉफ्टवेअर तयार होत असताना मुलामुलींची तक्रार यायची की, मानेवर हात नेला तरी काही कळत नाही. मी म्हटलं, कंपन वाढवा. मग मानेजवळ कंट्रोलर नेताच तळहात थरथरायला लागला, सगळ्यांची उत्तरं बरोबर यायला लागली आणि पडद्यावरचे गुण पाहून मी खूश झालो.

खरी नाडी अशी सापडत नाही. कंठमण्यावर दोन बोटं ठेवायची, तिथून आपल्या बाजूच्या खोबणीत उतरायचं, हलका दाब द्यायचा आणि थांबायचं. लागली नाही तर बोटं थोडी सरकवायची. हे सगळं दहा सेकंदांच्या आत. तेवढ्या वेळात खात्रीने नाडी लागली नाही, तर छाती दाबायला घ्यायची. म्हणजे हे मुळात शोधण्याचं काम आहे आणि तो शोधच मी काढून टाकला होता. शिवाय कंट्रोलरमधली मोटर सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरते. नाडी सेकंदाला एक-दोनदा बोटाला हळूच ढकलते. जलद थरथर आणि मंद दाब टिपणारे त्वचेतले संवेदनाग्राहकही वेगवेगळे. तळहाताच्या थरथरीतून बोटांची टोकं काय शिकणार? शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्या माणसाला हे आधीच दिसायला हवं होतं. मला दिसलं नाही, कारण त्या उपकरणाने मी भारावलो होतो.

एका सहकारी डॉक्टरबाईंनी मुलांना एकमेकांच्या मानेवर नाडी शोधायला लावली, तेव्हा हे उघड झालं. हेडसेटमध्ये सगळ्यांत जास्त गुण मिळवलेली मुलगी बोटं ठेवून नुसती थांबून राहिली. “सर, लागत नाहीये,” ती म्हणाली. समोर तिचा धडधाकट मित्र बसलेला. तिची बोटं जागेपासून थोडी बाजूला होती आणि ती हलवत नव्हती, कारण बोटं हलवायची असतात हे मी तिला शिकवलंच नव्हतं. इशारा मिळेल म्हणून ती वाट पाहत होती.

छाती दाबण्यातही मी असाच घसरलो. प्रौढाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दर वेळी ती पूर्ण वर येऊ द्यायची. हेडसेटमध्ये हवेत दाबताना हाताला काही अडवत नाही. त्यामुळे कोपर वाकतात, अंगाचा भार खाली उतरत नाही आणि दमछाकही होत नाही. खऱ्या छातीवर दोन मिनिटांत माणूस थकतो, म्हणून दाबणारा बदलायचा असतो. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने 1960मध्ये सरावासाठी ‘रिससी अ‍ॅन’ ही बाहुली आणली. पुढे तिच्या छातीत स्प्रिंग बसली ती याच कारणासाठी: हाताला उलट जोर लागला पाहिजे. तशा बाहुल्या आमच्याकडेही होत्या. जागा अडते म्हणून मीच त्या कोठीत ठेवायला सांगितल्या होत्या.

हेडसेट मी टाकून दिलेला नाही. चाळीचा अरुंद जिना, नातेवाइकांचा आरडाओरडा, एकाच वेळी दोन जखमी आणि आधी कुणाकडे जायचं हा प्रश्न: हे वर्गात उभं करणं मला कधीच जमलं नव्हतं, ते इथे जमतं. आता चित्र हेडसेटमधून दिसतं आणि हाताखाली बाहुली असते. दोन्हींची जागा जुळवून घ्यावी लागते. मानेवरचं कंपन आम्ही बंद केलं आहे. नाडी एकमेकांच्या मानेवर शोधायची, घामेजलेल्या आणि जाड मानेवरही. नाडी नसलेला रुग्ण आता प्रत्येक सत्रात असतो. पूर्वी तसा रुग्ण मी क्वचितच ठेवायचो, मुलांचा उत्साह जाईल म्हणून.

आधीच्या तुकड्यांना मी कारण सांगून परत बोलावलं. बरेच जण सुट्टी काढून आले. काहींनी तोवर नोकरी बदलली होती, काहींचे फोन लागले नाहीत. त्यांनी माझ्याकडून शिकलेलं अजून तसंच आहे. त्यांचे नंबर मी अधूनमधून लावून पाहतो.