प्रिय लिनक्स मिंट, दोह्याहून पत्र

प्रिय लिनक्स मिंट,

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि त्याच सुमारास तू आमच्या दोह्यातल्या घरी आलास. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, तो आमच्या लॅपटॉपमध्ये नाही. दुकानदाराचं म्हणणं एकच, नवा घ्या. पण स्क्रीन स्वच्छ, कीबोर्ड ठणठणीत, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलेली. असं धडधाकट मशीन निव्वळ तारीख उलटली म्हणून टाकून देणं मला मान्य नाही. आखातात वस्तू फार लवकर टाकल्या जातात. कॉन्ट्रॅक्ट संपलं की घरातलं निम्मं सामान खाली कचऱ्याच्या डब्याशेजारी. तुझी २२ची मालिका २०२९पर्यंत सांभाळली जाणार आहे, म्हणजे या मशीनला तू आणखी काही वर्षं दिलीस. त्याबद्दल आधी मनापासून आभार.

आता सवयीचं. सी आणि डी ड्राइव्ह गेले, सगळं 'होम'खाली आलं, हे लवकर अंगवळणी पडलं. प्रोग्राम इकडेतिकडे शोधत न बसता तुझ्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचे, हे तर बरंच वाटलं. घड्याळाचं प्रकरण मात्र नीट सांगायला हवं, कारण सुरुवातीला दोन्ही सिस्टीम एकाच मशीनवर ठेवणाऱ्या अनेकांची त्याच्याशी गाठ पडते. तुझ्याकडून परत विंडोजमध्ये गेलं की घड्याळ बरोबर तीन तास मागं. मदरबोर्डवरच्या घड्याळात तू जागतिक प्रमाणवेळ लिहून ठेवतोस, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं. दोहा त्या वेळेच्या तीन तास पुढं, म्हणून फरक तीन तासांचा; पुण्यात तोच साडेपाच तासांचा पडला असता. टर्मिनलमध्ये एक कमांड दिली की तूही स्थानिक वेळ ठेवू लागतोस. गावी फोन लावताना अडीच तासांचं गणित आमच्या डोक्यात कायम चालू असतं, त्यात हे आणखी एक नको होतं.

इथं मिळणाऱ्या लॅपटॉपवर इंग्रजीशेजारी अरबी अक्षरं छापलेली असतात. देवनागरीचा प्रश्नच नाही. तुझ्यात मराठी इन्स्क्रिप्ट मुळातच असतं, सेटिंगमध्ये जाऊन जोडायचं तेवढं. मग ज्या बटणावर इंग्रजी 'जे' आणि अरबी 'ता' दिसतं, तिथं माझा 'र' उमटतो. शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की 'ऱ', मग 'डी'वरचा हलंत, आणि तिरक्या रेघेच्या बटणावरचा 'य'. झाला 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य'. तो पहिल्यांदा मोडतोड न होता स्क्रीनवर आला, तेव्हाच मी ठरवलं की आता परत फिरायचं नाही.

खरं दुखणं जुन्या फायलींचं आहे. मंडळाच्या स्मरणिका, गणेशोत्सवात केलेल्या नाटकांच्या संहिता, आईनं फोनवर सांगितलेल्या पाककृती, हे सगळं युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप झालेलं. अशा फायलीत आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फाँट त्यांना मराठी आकार चढवतो. फाँट नसला की मराठी गेलीच. तुझ्यात त्या उघडल्या तर स्क्रीनभर नुसती खिचडी. यात तुझा काडीचाही दोष नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे; छपाईच्या सोयीसाठी आपणच फार वर्षं जुन्या फाँटना धरून बसलो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. परदेशातल्या मराठी मजकुराला ग्रंथालय नसतं. तो कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये असतो आणि तो माणूस देश सोडून गेला की त्याच्याबरोबर जातो. कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरांत ते अडखळतात. प्रत्येक पान छापील प्रतीशी ताडून पाहण्यावाचून इलाज नाही.

आणि तुझ्याबद्दलही एक तक्रार आहे. भाषा मराठी निवडली तरी तुझे बरेच मेनू इंग्रजीतच राहतात. तुझी भाषांतरं लाँचपॅडवर स्वयंसेवक करतात, तेव्हा कुणीतरी करील म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. शुक्रवारी इथं सुट्टी असते. ज्यांच्याकडे अशा फायली आहेत त्यांना मी लॅपटॉप आणि जुने अंक घेऊन घरी बोलावलं आहे. आधी स्मरणिका युनिकोडमध्ये आणू, मग तुझे मेनू हातात घेऊ. आमची भाषांतरं तुझ्यापर्यंत पोचली की पुढच्या आवृत्तीत ती घे.

तुझा,
दोह्यातला एक मराठी वापरकर्ता