अरवलीच्या वाटा आणि मोठं चाक

रविवारी पहाटे दिल्ली अजून रजईत असते, तेव्हा गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्याच्या कडेला मोटारी थांबू लागतात. कुणाच्या टपावर, कुणाच्या पाठीला सायकली बांधलेल्या. हेल्मेट आणि हातमोजे चढवून मंडळी डांबरी रस्ता सोडतात आणि झुडपांत शिरतात. वारा उलटा असला तर बंधवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराचा दर्पही सोबतीला येतो! पण थोडं आत गेलं की तोही मागे पडतो आणि समोर उरते ती अरवली.

हा डोंगर सह्याद्रीसारखा नव्हे. इथे ना ताशीव कडे, ना धबधबे. युगानुयुगं झिजून बुटकी झालेली ही रांग. पायाखाली क्वार्टझाइटचे टोकदार दगड, त्यांवर सुटी खडी, आणि मधूनच कोरड्या ओढ्यांची वाळू. दुतर्फा विलायती किकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ. सायकलची अशी परीक्षा घेणारी जमीन शोधूनही सापडायची नाही.

या वाटांवर आता बहुतेक सायकलींना २९ इंची चाकं दिसतात. पूर्वी डोंगरी सायकल म्हटली की चाक २६ इंची, हे ठरलेलंच होतं. का, तर तसं खास कारण काही नव्हतं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या उतारांवर काही हौशी तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली सोडल्या. त्यांची चाकं २६ इंची होती, म्हणून तेच माप रूढ झालं. २००० सालच्या सुमारास २९ इंची चाकं बाजारात आली, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. पण २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुलहावीने २९ इंची चाकांवर सुवर्णपदक मिळवलं. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर मधल्या, साडेसत्तावीस इंची मापावर दुसरा आला. २०१६ साली रिओत शुर्टरने सुवर्ण जिंकलं तेव्हा त्याच्याही सायकलला २९ इंची चाकं होती. आता बोला!

मोठ्या चाकाचं मर्म बैलगाडी पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. हातगाडीचं चाक ज्या खड्ड्यात रुतून बसतं, तो खड्डा बैलगाडी सहज ओलांडते. चाक जितकं मोठं, तितका वाटेतला दगड त्याच्यापुढे लहान. दहा सेंटिमीटर उंचीच्या दगडावर २६ इंची चाक सुमारे ४५ अंशांच्या कोनात आदळतं, तर २९ इंची सुमारे ४३ अंशांत. फरक जेमतेम दोन अंशांचा. पण अरवलीच्या एका फेरीत असे शेकडो दगड आडवे येतात आणि दर दगडाला थोडा वेग वाचतो, मनगटांना बसणारा हिसकाही थोडा कमी होतो. शिवाय मोठ्या चाकाचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबट असतो. त्यामुळे खडीच्या चढावर पकड टिकते आणि वाळूत चाक कमी रुततं.

फुकट मात्र काही मिळत नाही. मोठं चाक जड असतं. थांबून पुन्हा निघताना पायांना ते जाणवतं आणि किकरांमधल्या अरुंद वळणांवर सायकल हट्टी बैलासारखी वळायला वेळ घेते. काटा तर लहान-मोठं काहीच जाणत नाही. म्हणून जाणती मंडळी ट्यूब काढून टायरमध्ये भोक बुजवणारा द्रव भरतात.

गंमत पुढेच आहे. हरियाणातले दूधवाले जी काळी, दांडीची सायकल कॅन लटकवून हाकत आले, तिचं चाक २८ इंची. तिच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि या नव्या २९ इंचीचा ६२२! टायर बारीक, एवढाच भेद. १९५१ साली सोनीपतमध्ये सुरू झालेल्या ॲटलससारख्या कारखान्यांनी कच्च्या रस्त्यांसाठी असल्याच सायकली गावोगाव पोचवल्या. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२०ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला.

पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेपासून फार लांब नसलेल्या झंडेवालान सायकल बाजारात आई-वडील मुलांना घेऊन येतात. 'वाढतं वय आहे, मोठीच घ्या' हा शर्टाचा न्याय इथे लावू नये. जुन्या सायकलवर दांडीखालून पाय घालून शिकलेल्या पिढीला गुडघे कसे फुटतात ते ठाऊक आहेच. डोंगराच्या उतारावर तेच महागात पडेल. मुलाला सायकलवर टांग टाकून उभं करावं. दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि वरच्या नळीपासून तीन-चार बोटं मोकळी राहिली पाहिजेत. पाच फुटांहून कमी उंची असेल तर २६ किंवा साडेसत्तावीस इंचीच बरी; लहानग्यांना २० किंवा २४.

जायचं तर पाऊस सरल्यावर जावं, किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये. नोव्हेंबरच्या धुरकट हवेत दम लावू नये. एकट्याने जाऊ नये, कारण या भागात बिबट्याचा वावर आहे. जुन्या खाणींत साठलेलं निळं पाणी कितीही मोहवो, त्यात उतरू नये. त्याने अनेक जीव घेतले आहेत. आणि मांगर गावाची बनी लागली की सायकल बाहेरच ठेवावी. ती गावाची देवराई आहे. आपल्या धावड्याचा भाऊबंद असलेली धौची झाडं तिथे दाट उभी आहेत आणि त्यांची फांदी तोडायची नाही, हा गावाचा जुना नेम आहे.