पोयाच्या मधाचं विरजण

पोयाच्या, म्हणजे बिनडंखी इवल्या मधमाशीचा मध जिभेवर आंबट लागतो. हा आंबटपणा कोण आणतं, हाच माझा एमएस्सीचा प्रश्न होता.

नमुना बदलापुरात मिळाला. पाडायला काढलेल्या एका इमारतीत, मीटरच्या पेटीमागच्या भेगेतून राळेची तपकिरी नळी बाहेर आली होती. तोंडाशी तीन-चार मिलिमीटरच्या काळ्या माश्या पहाऱ्याला. रहिवासी त्यांना चिलटं समजायचे. भिंत फोडून आम्ही पोळं लाकडी पेटीत हलवलं. मेण आणि राळ कालवून बांधलेल्या बुधल्यांतला थोडा मध, थोडे पराग निर्जंतुक नळीत घेऊन मी उल्हासनगरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले.

लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंसाठी नेहमीचं माध्यम म्हणजे १९६० सालचं एमआरएस. त्यात साखर असते ती ग्लुकोज. त्यावर जेमतेम टिंबं उमटली. मॅडम म्हणाल्या, "अगं, ही फुलांवरची मंडळी. फ्रुक्टोज घालून बघ." पुढच्या प्लेट्स इनक्युबेटरमधून काढल्या आणि मी ओरडलेच! कॅल्शियम कार्बोनेटने दुधाळ झालेल्या माध्यमात प्रत्येक ठिपक्याभोवती आम्लाने खाल्लेलं स्वच्छ कडं होतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला, बुडबुडे नाहीत. ग्रॅमचा रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या कांड्या. सगळ्या खुणा लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंच्याच.

ऑस्ट्रेलियातल्या टेट्रागोनुला माश्यांत, म्हणजे आपल्या पोयाच्याच कुळात, २०१४ साली लिओनहार्ट आणि काल्टेनपोथ यांना लॅक्टोबॅसिलसचा आधी माहीत नसलेला एक गट सापडला होता. तो शोधनिबंध मी किती वेळा वाचला असेन! मला सर्वांत भावते ती या माश्यांची घर थाटण्याची रीत. त्या एका दमात उडून जात नाहीत. कामकरी माश्या जुन्या घरातून मेण, मध आणत राहतात आणि हळूहळू नवं घर उभं करतात. लेकीच्या संसारात आईकडचं विरजण जावं तसे हे जिवाणूही त्या मधातून जात असणार, असं मला वाटतं. हे मला तपासायचं आहे.

माझ्या कांड्या नव्या जातीच्या आहेत का? जिवाणू ओळखण्यासाठी वापरतात त्या १६ एस जनुकाचं ज्ञात जातींशी साम्य ९८.७ टक्क्यांखाली आलं तर तसा संशय घेता येतो. नाव द्यायचं तर संपूर्ण जिनोम वाचावा लागतो आणि जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. त्याआधी एकाच पोळ्यावर विसंबणं मला पटत नाही. अंबरनाथच्या जुन्या सोसायट्यांत आता मी चिठ्ठ्या लावते आहे: भिंत पाडण्याआधी राळेची नळी दिसली, तर कळवा.