लहरी कोणाच्या?

'सरकारी' आणि 'सार्वजनिक' हे शब्द आपल्या बोलण्यात इतके सरमिसळ झाले आहेत की त्यांतील भेद वर्गात समजावून देताना आम्हां मराठीच्या अध्यापकांनाही सायास पडतात. त्याचा नेमका दाखला आम्हांस लाभला तो एका निकालपत्रात.

हिरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी निर्णय दिला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर मक्तेदारी सरकारची नको आणि खासगी धनिकांचीही नको. तिचे नियमन समाजातील सर्व घटकांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वायत्त संस्थेकडे असावे, हा न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालाचा आशय होता.

नियमन आवश्यकच आहे. एकाच परिसरात एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे बोलू लागली, तर धड एकही ऐकू येत नाही. तथापि ही संपत्ती विहिरीसारखी उपसून आटत नाही. उलट न वापरलेली घटका कायमची वाया जाते. तेव्हा प्रश्न उरतो तो वाटपाचा.

मोबाईल सेवेसाठी 2008 मध्ये हे वाटप 'प्रथम येईल त्यास प्रथम' या न्यायाने झाले आणि 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने रद्द केले. लिलाव हाच एकमेव मार्ग नाही, असे घटनापीठाने त्याच वर्षी स्पष्ट केले; परंतु लोकमानसात मात्र 'सार्वजनिक' म्हणजे 'तिजोरीत भर घालणारे' हा अर्थ रुजला. लिलावाने लहरींची किंमत ठरते. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याला बोलण्याची जागा कुठे, हे ठरत नाही.

ती जागा 2006 च्या धोरणाने थोडीफार दिली. स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा मिळाली. म्हसवडसारख्या दुष्काळी गावातून माणदेशी माणसांचा आवाज उमटू लागला. पण त्याच धोरणाने या केंद्रांना बातम्या आणि राजकीय विषय वर्ज्य ठरवले. परवान्याची किल्लीही मंत्रालयापाशीच राहिली.

उपयोजित मराठीच्या तासाला आमचे विद्यार्थी रेडिओसाठी बातमीपत्र लिहितात. टँकर न आल्याची, ग्रामसभा न भरल्याची बातमी त्यांत हमखास असते. वाक्यरचना आम्ही तपासतो, गुणही देतो. या बातम्या गावच्याच रेडिओवरून गावाला ऐकू येतील, तेव्हा लहरींना 'सार्वजनिक' म्हणताना आम्हांस संकोच वाटणार नाही.